कोळंबीच्या रसाचा हिशेब

सिंगापूरमध्ये होक्कियन मी हा पदार्थ सहसा कोणी घरी करत नाही. तो खायला हॉकर सेंटरमध्येच, म्हणजे खाद्यगाळ्यांच्या सार्वजनिक बाजारातच, जावं लागतं. पिवळ्या आणि पांढऱ्या अशा दोन तऱ्हेच्या नूडल्स, कोळंबी, माकुल, अंडं, डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या, मुगाचे मोड आणि लसणीच्या वासाची पात, हे सगळं मोठ्या कढईत परतून कोळंबीच्या रसात मुरवलेलं असतं. या बशीवरून तिथे नेहमी दोन वाद रंगतात. तिची चव नेमकी कशात आहे, हा पहिला. इतक्या कष्टाची गोष्ट इतक्या स्वस्तात का मिळावी, हा दुसरा. दुसरा वाद पहिल्यातूनच निघतो असं मला वाटतं, कारण चव कशातून येते हे कळल्याशिवाय तिची किंमत ठरवता येत नाही.

दोन्ही बाजू नीट ऐकू याव्यात म्हणून हा लेख दोघींच्या तोंडी घातला आहे. मावशी वेंगुर्ल्याची. तिने अनेक वर्षं मासळीची खानावळ चालवली. भाची सिंगापुरात नोकरी करते आणि तिचं निम्मं जेवण हॉकर सेंटरमध्ये होतं. दोघी कल्पित आहेत, त्यांच्या बोलण्यातलं सिंगापूर मात्र खरं आहे. जागा आहे ओल्ड एअरपोर्ट रोडवरचं फूड सेंटर. १९५५ पर्यंत वापरात असलेल्या कालांगच्या जुन्या विमानतळावरून या रस्त्याला हे नाव मिळालं. सेंटरमध्ये दीडशेहून जास्त गाळे आहेत.

भाची : आधी नुसतं खा, मावशी. लिंबू आणि सांबल नंतर.

मावशी : रंग बघितलास याचा? ना हळद, ना तिखट, ना वाटण. आणि एवढी लांब रांग कशासाठी लावली या लोकांनी?

भाची : शेजारच्या गाळ्यावर चार क्वे तियाओ मिळते. तिच्यात गोडसर काळा सोया सॉस असतो, म्हणून ती काळी तुकतुकीत दिसते. तिच्या बाजूला ही फिकीच दिसणार. हिचं जे काही आहे ते रसात आहे. घास घे आणि मग सांग.

मावशी : थांब जरा. हे मीठ-मिरीचं काम नाही. सुंगटांच्या डोक्यांचा रस आहे हा. आणि डोकी नुसती उकळलेली नाहीत, आधी तेलात चांगली परतलीत. त्याशिवाय हा भाजका गोडवा येत नाही.

भाची : एका घासात ओळखलंस! कोळंबी सोलली की डोकी आणि टरफलं बाजूला काढतात, ती परततात आणि डुकराच्या हाडांबरोबर काही तास उकळत ठेवतात. गाळून उरलेला रस कढईशेजारच्या पातेल्यात तयार असतो. नूडल्स, लसूण आणि अंडं परतून झालं की त्यावर तो डावाने ओततात, झाकण घालतात आणि नूडल्सना रस पिऊ देतात. मग झाकण काढून पुन्हा आच वाढवायची.

मावशी : म्हणजे परतण्याइतकंच शिजवणंही आहे यात. मी आपली वरवरचा रंग शोधत बसले. आणि नूडल्स दोन तऱ्हेच्या कशाला?

भाची : पिवळ्या गव्हाच्या, पांढऱ्या तांदळाच्या. पिवळ्या नूडल्सचं पीठ भिजवताना त्यात क्षार घालतात...

मावशी : पापडखारासारखा?

भाची : त्याच जातीचा. त्यानेच त्या पिवळ्या होतात आणि चावताना तटतटीत लागतात. तांदळाच्या नूडल्स मऊ. त्या रस जास्त ओढून घेतात. एक दाताला, एक जिभेला. आता लिंबू पिळ. याला कलमान्सी म्हणतात, आपल्या लिंबापेक्षा लहान आणि संत्र्याकडे झुकणारं. आणि सांबल चमच्याच्या टोकावर घे.

मावशी : या चटणीत जवळा आहे.

भाची : बेलाचान. बारीक जवळा मीठ लावून आंबवतात, कुटतात आणि त्याच्या वड्या वाळवतात. मलाय स्वयंपाकाचा तो कणा आहे.

मावशी : मग मला परकं कशाला वाटावं? सुंगटांचा रस, जवळ्याची चटणी, वर आंबट. नुसतं वाटण काढून घेतलंय. आणि खरं सांगू, वाटण असतं तर हा रस मला इतका स्वच्छ कळला नसता. हे कुरकुरीत पांढरे तुकडे कसले?

भाची : डुकराची चरबी, तळलेली. तुला चालेल का, हे म्हणूनच मी रांगेत विचारून घेतलं होतं.

मावशी : आमच्या घरात डुक्कर कधी शिजलं नाही. पण शेजार ख्रिस्ती होता. नाताळात त्यांच्याकडचं सोरपोतेल मी आवडीने खाल्लंय. मला चालतं. ज्याला चालत नाही त्याने काय करायचं?

भाची : त्याच्यासाठी हलाल गाळे आहेत. तिथे डुकराऐवजी कोंबडीच्या हाडांचा रस घेतात. माझं मत विचारशील तर तो वेगळा पदार्थ झाला. चरबी काढली की कढईतला तो जाड वास जातो. जे चालत आलंय ते तसंच राहू द्यावं. प्रत्येकाच्या सोयीने बदलत गेलं तर शेवटी हातात नाव तेवढं उरतं.

मावशी : मला नाही पटत. हा पदार्थ मुळात आला कुठून, ते आधी सांग.

भाची : होक्कियन म्हणजे चीनच्या फुजियान प्रांतातून आलेले लोक. सिंगापूरच्या चिनी समाजात त्यांचाच गट सगळ्यांत मोठा. दुसऱ्या महायुद्धानंतर रोचोर रोडच्या बाजूला नूडल्सच्या कारखान्यांतले कामगार रात्री उरलेल्या नूडल्स कोळशाच्या शेगडीवर परतून खात, त्यातून हा पदार्थ उभा राहिला असं सांगतात. जुनी माणसं याला रोचोर मीसुद्धा म्हणत. आणि एकच नाव असलं तरी पलीकडे मलेशियात वेगळंच मिळतं. क्वालालंपूरला होक्कियन मी मागितलीस तर जाड नूडल्स काळ्या सोया सॉसमध्ये परतून देतील. पिनांगला मागितलीस तर कोळंबीच्या लालसर रश्श्याचा वाडगा समोर येईल.

मावशी : बघ, तूच सांगितलंस. नूडल्स फुजियानच्या, सांबल मलाय माणसाचं, लिंबू इथल्या मातीतलं, आणि गाव बदललं की रंगसुद्धा बदलतो. जो पदार्थ असा गोळा होत होत तयार झाला, त्याने आता दार लावून का बसावं? कोंबडीच्या रसाने कोणी केला आणि त्याच्या कोळंबीत चूक काढता येत नसेल, तर त्याला होक्कियन मी म्हणायला माझी हरकत नाही.

भाची : पण मग हद्द कुठे? उद्या कोणी रस न काढता बाटलीतला मसाला ओतला तर?

मावशी : हद्द तिथेच. रस काढला नाही तर पदार्थ गेला. चरबी ही चवीतली एक वाट आहे, रस हे मूळ आहे. कोणत्याही स्वयंपाकात मूळ कोणतं आणि वाट कोणती हे करणाऱ्याला कळतं.

भाची : खाणाऱ्यालाही कळतं, मावशी. मी इतकी वर्षं खातेय. ती चरबी माझ्या लेखी वाट नाही. पण हे राहू दे. टेक्का सेंटर या दुसऱ्या हॉकर सेंटरला गेलो की तुला ‘मी गोरेंग’ देईन. चिनी पिवळ्या नूडल्स घेऊन तमीळ मुसलमान हॉकरांनी त्यांच्या पद्धतीने तिखट, टोमॅटो घालून परतल्या, त्यातून ती झाली. ती मला फार आवडते, आणि तिला कोणी होक्कियन मी म्हणत नाही. नवं करावं, नवं नाव द्यावं.

मावशी : हे मात्र मान्य. नाव चोरू नये. आता दुसरं विचारते. या बशीचे किती दिलेस?

भाची : सहा डॉलर. साधारण पाच ते आठ डॉलरच्या दरम्यान सगळीकडे मिळते.

मावशी : डॉलरचे साठ-सत्तर रुपये धरले तर चारशेच्या आसपास. आमच्याकडे हा भाव कोणाला स्वस्त वाटायचा नाही. इथे?

भाची : इथे फार स्वस्त. समोरच्या मॉलमध्ये जपानी रामेनचा वाडगा याच्या दुप्पट-तिप्पट भावाला मिळतो.

मावशी : आणि त्या वाडग्यावर लोक कुरकुर करतात?

भाची : नाही. पण इथे पन्नास सेंट वाढवले तर आठवडाभर चर्चा होते.

मावशी : मग मला हे पटत नाही, गो. मी खानावळ चालवली आहे. मला त्या पातेल्यातल्या रसात तास दिसतात. पहाटे कोळंबी आणायची, सोलायची, पाठीतला काळा दोरा काढायचा, टरफलं परतायची, रस उकळायचा, माकुल साफ करायचं, पात निवडायची. हे सगळं झाल्यावर त्या कढईपुढे उभं राहायचं. बघितलंस का त्या कढईवाल्याकडे? मागे पंखा आहे, पण समोर ती आच. कढईपुढे एकटाच आहे. बायको पैसे घेते आणि बश्या भरते. रामेनवाल्याला तिप्पट आणि याला एवढेच, हे कोणत्या न्यायाने?

भाची : याचं उत्तर या टेबलाकडे बघून देते. तुझ्या उजव्या हाताला टॅक्सी चालवणारा बसलाय. पलीकडे बँकेतल्या दोन मुली, गळ्यात ओळखपत्रं आहेत त्यांच्या. कोपऱ्यात पेन्शनवर जगणारे आजोबा. रांग एकच, बशी एकच, भाव एकच. टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलं की जागा राखली जाते, मग तो साहेब असो की झाडूवाला. शहरात अशा जागा आता किती उरल्यात? या बशीचे बारा डॉलर झाले तर आजोबा उद्या येणार नाहीत, आणि बँकेच्या मुली येतील. मग हे हॉकर सेंटर राहणार नाही, एसी नसलेला मॉल होईल.

मावशी : आजोबांसाठी तू बोलतेस ते खरं आहे. पण आजोबांचं जेवण कोणाच्या पाठीवर स्वस्त ठेवलंय? त्या कढईपुढे उभा आहे तोही आजोबाच आहे.

भाची : ते खरंय. इथल्या हॉकरांचं वय साठीच्या घरात गेलंय.

मावशी : मग हा व्यवहार एका म्हाताऱ्याने दुसऱ्या म्हाताऱ्याला पोसण्याचा झाला. त्यात बँकेच्या मुलींचंही जेवण स्वस्त होतं, त्यांना गरज नसताना.

भाची : पण हे सगळं त्या एकट्याच्या पाठीवर आहे, असंही नाही. याला शहराने उभं केलंय. पूर्वी हॉकर रस्त्यावर, नदीकाठी, गटाराच्या कडेला बसायचे. नळ नाही, कचरा नदीत. १९६८-६९ मध्ये बेटावरच्या सगळ्या हॉकरांची नोंदणी झाली, आणि १९७१ पासून १९८६ पर्यंत त्यांना टप्प्याटप्प्याने छपराखाली आणलं. नळ, गटार, वीज, स्वच्छतेची तपासणी, सगळं आलं. ज्यांना त्या वेळी गाळे मिळाले, त्यांना भाडं सवलतीचं. आजही राष्ट्रीय पर्यावरण संस्था ही सेंटरं सांभाळते, आणि देशात ती शंभराहून जास्त आहेत. रस्त्यावरच्या माणसाला हाकलून न देता त्याला गाळा देणारी शहरं फार थोडी.

मावशी : हे चांगलंच केलं. मी नाव ठेवत नाही. पण त्या वेळी तिशीत असलेला माणूस आज कुठे आहे? सवलतीचं भाडं त्याच्याबरोबर संपणार. त्याच्या मागून येणाऱ्याला गाळा कसा मिळतो?

भाची : निविदा भरून. कधी अगदी कमी बोलीत मिळतो, आणि गर्दीच्या सेंटरमध्ये बोली खूप वर जाते.

मावशी : म्हणजे पोराने जास्त भाडं द्यायचं आणि विकायचं बापाच्याच भावात. कोणतं पोर येईल?

भाची : हाच प्रश्न आहे. आणि हाताखाली माणूस ठेवणंही सोपं नाही. गाळा चालवणारा सिंगापूरचा नागरिक किंवा कायम रहिवासी असावा लागतो. मदतनिसांवरही बराच काळ तीच अट होती. २०२५ पासून ती थोडी सैल केली.

मावशी : आणि तुमचं ते आंतरराष्ट्रीय कौतुक? काल पोस्टर दाखवलंस ते.

भाची : डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मला त्याचा अभिमान वाटतो. त्याआधी २०१६ मध्ये उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिनच्या पहिल्या सिंगापूर यादीत दोन हॉकर गाळ्यांना एकेक तारा मिळाला होता. एक सोया सॉसमधल्या कोंबडीचा, एक डुकराच्या मांसाच्या नूडल्सचा. पांढऱ्या चादरीच्या टेबलावर मिळणारा मान प्लॅस्टिकच्या स्टुलावर आला.

मावशी : मान आला, ते चांगलं झालं. पण मान दिला की लोक समजतात देणं फिटलं. मी म्हणते, वारसा म्हणता ना याला? मग वारशासारखे पैसे द्या.

भाची : मावशी, तू एकीकडे बघतेस. वारसा हा त्या बशीत जितका आहे, तितकाच ती सगळ्यांना परवडण्यात आहे. भाव वाढवून पदार्थ वाचला आणि टेबल गेलं, तर अर्धा वारसा गेला. युनेस्कोच्या नोंदीतही एकत्र बसून जेवण्याची गोष्ट आहे, नुसती पाककृती नाही.

मावशी : आणि भाव न वाढवता माणूस गेला तर?

भाची : म्हणून काही जण रस एका मोठ्या स्वयंपाकघरात एकदम काढून सगळीकडे वाटायचं म्हणतात. परतण्यासाठी यंत्रंही आली आहेत. त्याला मात्र माझा विरोध आहे. मग सगळीकडे एकच चव मिळेल आणि कोणाची म्हणून मिळणार नाही.

मावशी : इथे मी तुझ्याइतकी कडक नाही. कोळंबी सोलून आलेली मिळाली, पात निवडून आली, माकुल साफ होऊन आलं तर त्यात वाईट काय? मी खानावळीत नारळ खवायला बाई ठेवली होती, त्याने कालवण परकं झालं नाही. हात कुठे लागायलाच हवा ते नीट ठरवलं पाहिजे.

भाची : ते कुठे, असं तुझं मत?

मावशी : या बशीत दोन ठिकाणी. एक, रस काढताना. रोजची कोळंबी सारखी नसते. कधी डोकी भरलेली असतात, कधी रिकामी. टरफलं किती परतायची, पाणी किती घालायचं, उकळी कधी बंद करायची, हे त्या दिवशीच्या कोळंबीकडे बघूनच ठरतं. दोन, झाकण काढल्यावरची दोन-तीन मिनिटं. आज नूडल्स ओलसर आल्यात की कोरड्या, त्यावर पुढचा डाव घालायचा की नाही ते ठरतं. थोडा जास्त पडला तर लगदा, कमी पडला तर बुडाला लागतं. आता बघ, त्याने आपल्या वेळेला तिसऱ्यांदा थोडाच रस घातला आणि मग थांबला. त्या थांबण्याचे पैसे मी म्हणते. ते यंत्राला नाही जमायचं, आणि दुसऱ्या गावात काढलेल्या रसावर तर मुळीच नाही.

भाची : मग बाकीची कामं दुसऱ्यांनी केली तर त्याचे तास वाचतील. भाव न वाढवता त्याला थोडं जास्त उरेल.

मावशी : थोडं. पण कष्ट कमी झाले म्हणून कौशल्याचा भाव कमी धरायचा, हे मी मानणार नाही. तास वाचले ते त्याच्या झोपेसाठी. तू गिऱ्हाइकांना स्वस्त देण्यासाठी ते लगेच वापरून टाकू नकोस.

भाची : बरं. मग आजोबांचं काय करायचं ते तू सांग. तुझ्याही खानावळीत पेन्शनवाले यायचेच ना?

मावशी : यायचे. एसटीचे ड्रायव्हर, कंडक्टर, शाळामास्तर, कोर्टातले कारकून. मी दोन भाव ठेवले होते. साधं ताट म्हणजे भात, कालवण, भाजी, सोलकढी. त्याचा भाव मी फार जपून वाढवायचे, वर्षाकाठी थोडासा. आणि तळलेली तुकडी वेगळी. सुरमई असो, पापलेट असो, तिचा भाव त्या दिवशीच्या बाजारावर. ज्याच्या खिशाला परवडेल त्याने तुकडी घ्यावी. ताट दोघांना सारखंच, कालवण एकाच टोपातलं. जून-जुलैत मासेमारी बंद असायची, तेव्हा कालवण सुकटीचं किंवा कडधान्याचं, पण ताटाचा भाव तोच. तुकडीवाल्यांनी दिलेल्या पैशातून माझं ताट चालायचं. कोणाला ते सांगायची गरज पडली नाही.

भाची : इथे काही गाळ्यांवर तसं आहे. छोटी, मध्यम, मोठी बशी. मोठी कोळंबी घेतली तर जास्त पैसे. काही जण बांधून नेण्यासाठी सुपारीच्या झाडाच्या विरीत देतात, तिचा सुगंध नूडल्सना लागतो, आणि त्याचे थोडे वेगळे पैसे घेतात.

मावशी : विरी! आमच्याकडे ती पाणंदीत पडलेली असते. इथे तिचेही पैसे मिळतात, चांगलं आहे. मग तीच वाट रुंद करा. साधी बशी आजच्या भावाजवळ ठेवा. मोठ्या कोळंबीची, जास्त माकुलाची, विरीतली बशी खरंच तिच्या लायकीच्या भावाला विका. बँकेच्या मुली घेतील, आणि घ्यावीच त्यांनी. टेबल तेच राहील.

भाची : पण साधी बशी हळूहळू गरिबाची बशी होईल, हे भय मला आहे. आज सगळे तीच खातात म्हणून ती चांगली आहे. जी बशी फक्त परवडत नाही म्हणून घेतली जाते, ती बिघडायला वेळ लागत नाही.

मावशी : हे तू बरोबर बोललीस. म्हणून रस एकच पाहिजे. माझं टोप एकच होतं. ज्याने दोन टोप ठेवले, एक पातळ, एक दाट, त्याची खानावळ माझ्या डोळ्यांदेखत बसली. रस एक, नूडल्स एक, परतणं एक. फरक कोळंबीच्या आकारात आणि संख्येत. हे जो मोडेल त्याला लोकांनी रांगेतूनच उत्तर द्यावं.

भाची : रस एकच, एवढं मी मान्य करते. आणि भाड्याचं?

मावशी : ते शहराचं काम. साधी बशी सगळ्यांना परवडावी अशी शहराची इच्छा आहे ना? मग तिचा भार शहराने उचलावा. जो गाळेवाला साधी बशी ठरलेल्या भावाला देईल, त्याला भाडं कमी. नव्या पोराला तर पहिली काही वर्षं आणखी कमी. आजोबांचं स्वस्त जेवण ही साऱ्या शहराची जबाबदारी आहे. ती एका कढईवाल्याच्या गुडघ्यांवर टाकू नये.

भाची : शिकवण्याच्या योजना आहेत. २०२० मध्ये नव्या हॉकरांसाठी प्रशिक्षण सुरू झालं, त्यात अनुभवी हॉकरच्या हाताखाली उमेदवारीही असते. २०२२ पासून अशीही योजना आहे, की ज्याचं पोर गाळा घेत नाही त्याने आपली कला आणि गाळा नात्याबाहेरच्या कोणाला द्यावा.

मावशी : हे मला सगळ्यांत आवडलं. आमच्याकडे खानावळी बंद होतात त्या गिऱ्हाईक नसल्यामुळे नाही, सुनेने किंवा मुलाने नाही म्हटलं म्हणून. नात्याबाहेर द्यायचं कोणाच्या मनातच येत नाही. मी नाही दिली. फक्त एक बघा. रस काही आठवड्यांत कळत नाही. पावसातली कोळंबी, उन्हाळ्यातली कोळंबी, सुट्टीतली गर्दी, सगळं एकदा अंगावरून जायला पाहिजे. शिकणाऱ्याला तेवढे दिवस पगार मिळायला पाहिजे.

भाची : आणि एवढं करूनही कोणी पुढे आलं नाही तर? मला या पदार्थाशिवाय हे शहर चालणार नाही. मी इथे आले तेव्हा भाषा येत नव्हती, ओळख नव्हती. या टेबलावर अनोळखी माणसांनी मला लिंबू कसं पिळायचं ते दाखवलं. तो गाळा बंद होणं मला मान्यच नाही.

मावशी : मला आहे. आयुष्यभर उभं राहिलेल्या माणसाला एक दिवस कढई उतरवून ठेवायचा हक्क आहे, आणि तुझ्या आठवणींसाठी त्याने तो सोडू नये. पण तो थकला म्हणून बंद करणं वेगळं आणि परवडत नाही म्हणून बंद करणं वेगळं. पहिल्याला हात जोडावेत. दुसरं झालं तर तो दोष शहराचा आणि रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचा.

भाची : इथे आपलं एकमत होणार नाही, मावशी. मी म्हणेन पहिलंही होऊ देऊ नये, त्याआधी कोणीतरी शिकून तयार असावं. चरबीबद्दलही माझं मत तेच आहे. पण भावाबद्दल मी आजपर्यंत फक्त या बाजूने, टेबलाकडून बोलत होते. पन्नास सेंट वाढले की मीही दुसऱ्यांबरोबर कुरकुरत होते. यापुढे नाही. ज्याला परवडतं त्याने मोठ्या कोळंबीची बशी घ्यावी आणि तिचे पूर्ण पैसे द्यावेत, म्हणजे साधी बशी साध्या भावात राहील. हे मला पटलं.

मावशी : आणि मला तुझं टेबल पटलं. खानावळीत मास्तर आणि ड्रायव्हर शेजारी जेवायचे, त्याचं मोल मला तेव्हा कळत होतं, पण मी ते हिशेबात कधी धरलं नाही. दोन्ही धरा. कोळंबी सोलण्यापासून झाकण काढेपर्यंतचे तास मोजा, त्या टेबलावर कोण कोण बसतं ते मोजा, आणि मग सहा डॉलर जास्त की कमी ते बोला.